मायाक्काचा गंजलेला दाभण

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे. दाभण म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना सांगावं लागेल. सुईचा थोरला भाऊ म्हणा. घोंगडी, पोती असलं जाडजूड शिवायला सुई पुरत नाही, तिथे मला बोलावतात. मी लांबीला वीतभरही नाही, जरासा वाकलेला आहे, आणि माझ्या अंगावर तांबूस गंज आहे. गंज पाहून नाक मुरडू नका. माझी सगळी गोष्ट त्या गंजाचीच आहे.

माझा जन्म मंद्रूपच्या आठवडी बाजारातला. एका घिसाड्याने मोडक्या बैलगाडीची धाव, म्हणजे चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी, विकत घेतली होती. तिच्यातून त्याने विळे केले, खुरपी केली, आणि उरल्यासुरल्या तुकड्यातून मला. थोरली भावंडं दुपारपर्यंत विकली गेली. मी आपला गोणपाटावर पडून. ऊन कलल्यावर एक बाई आली. तिने मला उचललं, टोक अंगठ्याला टेकवलं आणि म्हणाली, "लई बोथाट हाय की!"

"घरी दगडावर वड जरा. रगात काढंल," घिसाडी म्हणाला.

ती बाई म्हणजे मायाक्का. तिच्या नवऱ्याचं नाव धुळाप्पा. मेंढरांमागे फिरणारं धनगराचं घर. मायाक्काने मला दगडावर घासून असं काही टोक आणलं, की पहिल्याच दिवशी मी धुळाप्पाच्या मांडीत शिरलो. दोष माझा नव्हता, तो न बघता बसला होता. पुढची कित्येक वर्षं मी घोंगड्यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या, फाटक्या कडा शिवल्या, मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या, म्हणजे वाघरीच्या, दोऱ्या ओवल्या. काम नसलं की धुळाप्पाच्या पागोट्याच्या घडीत खोचलेला असायचो. पावसात पागोटं भिजायचं, मीही भिजायचो. असा माझ्या अंगावर गंज चढत गेला. मायाक्का कधी तरी चिडून म्हणायची, "काय ही कळा! कुणी बघितलं तर म्हनंल, ह्या बाईला वस्तू सांबाळता येत न्हाई." पण तिला मेंढरांतून सवड कुठली? मी गंजकाच राहिलो.

आता मेंढरं बसवणं म्हणजे काय ते ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सुगी संपून रानं मोकळी झाली की शेतकरी धनगराला आवतण देतो. कळप त्याच्या रानात मुक्काम करतो. लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, आणि पुढच्या साली ज्वारी तरारून येते. बदल्यात धनगराला धान्य मिळतं आणि मेंढरांना हक्काची जागा. धुळाप्पाच्या घराचा उन्हाळा ह्याच धान्यावर निघायचा. त्यामुळे कळपाचं नाव चांगलं असणं फार गरजेचं. ज्याच्या मेंढरांना लोक नावं ठेवतात, त्याला रानात कोण बोलावणार?

धुळाप्पाच्या कळपाला तोवर कोणी बोट लावलं नव्हतं. ते लावलं सोमलिंगने.

सोमलिंगची जमीन मंद्रूपच्या ओढ्याकाठी होती. काळी, कसदार, भारी जमीन. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही. माणूस वाईट नव्हता. पण एकदा मनाने घेतलं की घेतलं. एकोणीसशे चौतीस सालच्या आसपास, त्याच्या रानात धुळाप्पाची मेंढरं उन्हाळाभर बसून गेल्यावर, हिवाळ्यात एक चमत्कारिक प्रकार झाला. रानात मधूनमधून काही ताटं इतरांपेक्षा उंच वाढली. पानं अरुंद, बुडाला फुटव्यांचा झुबका, आणि कणसं आली ती विस्कटलेली, फुसकी. हातावर चोळली तर दाणा नाही, नुसतं भूस.

झालं. सोमलिंगने ती कणसं उपटली आणि भर बाजारात धुळाप्पासमोर टाकली.

"बघा रे सगळ्यांनी! ह्याच्या मेंढरांनी माझं रान बाटवलं. लेंड्यांत काय घाण हाय कुनास ठाऊक. हितनं फुडं ह्याचं एक बी मेंढरू माझ्या रानात बसायचं न्हाई. तुमी बी इचार करा."

लोकांनी विचार केला. ज्यांनी पुढच्या उन्हाळ्याचा शब्द दिला होता, तेही "बघू, मग सांगतो" म्हणू लागले. मित्रांनो, "बघू" ह्या शब्दाची धास्ती धनगराला विचारा. धुळाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. रान नाही तर धान्य नाही, धान्य नाही तर मेंढरं बाजारात न्यायची. त्या कळपातल्या एकेका मेंढीला तो तिच्या आजीपासून ओळखत होता. त्या दिवशी तो जेवला नाही. मायाक्काही मग जेवली नाही.

सोलापूर शहराबाहेर ज्वारीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. तिथल्या रानात धुळाप्पाने पूर्वी मेंढरं बसवली होती, आणि तिथल्या विरुपाक्ष नावाच्या तरुण साहेबाशी त्याची ओळख झाली होती. विरुपाक्ष सोलापूरच्याच कापडवाल्याचा मुलगा, पुण्याहून शेतकी शिकून आलेला. धुळाप्पाने सोमलिंगच्या बांधावरून त्या चमत्कारिक ज्वारीची दोन ताटं मुळासकट काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि चालत सोलापूर गाठलं. पागोट्याच्या घडीत मी होतोच.

"सायेब, तुमीच बघा आन् सांगा," धुळाप्पा दारातच बोलू लागला. "माझ्या मेंढरांचा गुना आसंल तर मी गप बसतो. नसंल तर ह्यो आळ कसा सोसावा?"

विरुपाक्षने ताटं निरखली. एक फुटवा अजून पोटरीत होता, म्हणजे त्याचं कणीस पानाच्या आवरणातच होतं. ते पाहून त्याचे डोळे चमकले. "बरं झालं हा फुटवा आणला. उमललेल्या कणसाचा मला काही उपयोग नसतो," तो म्हणाला.

असं का, ते सांगतो. झाडाचं, मेंढराचं, तुमचं, सगळ्यांचं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. पेशीत एक केंद्रक असतं आणि केंद्रकात धागे असतात. त्यांना तुम्ही शाळेत गुणसूत्रं म्हणता. आईबापांकडून लेकरांकडे जे काही जातं, ते ह्या धाग्यांवरून जातं. एरवी ते इतके लांब आणि तलम असतात की ओळखू येत नाहीत. पेशीची दोन व्हायची वेळ आली की ते आखडून जाड होतात. तोवर प्रत्येक धाग्याचे उभे दोन झालेले असतात, एकाच जागी जोडलेले. सगळे पेशीच्या मध्यावर येतात, जोड सुटते, आणि एक इकडे, एक तिकडे ओढला जातो. दोन्ही नव्या पेशींना सारखाच वाटा मिळतो. झाड वाढतं ते असं.

परागकण होताना मात्र रीत वेगळी असते. ज्वारीत वीस धागे, दहा आईकडचे आणि दहा बापाकडचे. पराग करणाऱ्या पेशीत आईकडचा प्रत्येक धागा बापाकडचा आपल्या जोडीचा धागा शोधतो आणि त्याला लगटून बसतो. अशा दहा जोड्या मध्यावर उभ्या राहतात. मग जोडीदार एकमेकांना सोडून दोन टोकांना जातात, दहा इकडे, दहा तिकडे. नंतर आणखी एकदा पेशी दुभंगते, पण ती पहिल्या रीतीने. शेवटी प्रत्येक परागकणाच्या वाट्याला बरोबर दहा धागे येतात. हे सगळं कणीस पोटरीत असतानाच उरकतं. बाहेर पडलेल्या कणसात ते पाहायला मिळत नाही.

विरुपाक्षने कोवळी फुलं काढली, त्यातली परागाची इवली पिशवी काचेवर ठेवली आणि तिच्यावर लाल रंगाचा थेंब टाकला. एका किड्यापासून काढलेला तो रंग तीव्र आंबट द्रवात उकळून घेतलेला होता. ह्या रंगाने धागे रंगतात म्हणे. पण त्याचं नशीब खोटं होतं. सबंध हंगामभर त्याला फिकट गुलाबी धुक्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. त्याच्या टोकदार सुया परदेशी होत्या, चंदेरी मुलाम्याच्या, दिसायला राजस. त्यातली एक त्या दिवशी हातातून निसटली आणि फरशीवर पडून टोकाशी वळली. दुसरी आधीच मोडली होती.

"काही टोकदार आहे का रे जवळ?" त्याने वैतागून विचारलं.

धुळाप्पाने पागोट्यातून मला काढलं. विरुपाक्षने माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. मला राग आला, पण काय करणार? त्याने मला दिव्याच्या ज्योतीवरून फिरवलं, पुसलं, आणि माझ्या टोकाने ती पिशवी रंगाच्या थेंबात कुसकरली. वर पातळ काच ठेवली, जराशी ऊब दिली, हलकेच दाबली, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

तो बराच वेळ हललाच नाही. धुळाप्पा घाबरला. "काय झालं सायेब?"

"दिसले!" विरुपाक्ष ओरडला. "काळेभोर दिसले रे!"

पेशी फिकी आणि धागे गडद, एक एक सुटा. त्याने मला वळवून वळवून पाहिलं. मग स्वतःशीच हसला. त्यांच्या दुकानाचं कापड रंगवणाऱ्याकडे लोखंडी कढईत लाल रंग टाकला की तो गडद व्हायचा, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. त्या आंबट द्रवात माझा गंज विरघळला होता. तेवढ्या लोखंडाने रंगाला धाग्यांवर घट्ट धरून ठेवलं होतं. मुलाम्याच्या सुयांना हे कसं जमणार?

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी जरा भाव खाल्ला.

मग विरुपाक्ष मोजू लागला. वीस नव्हे, धागे तीस भरले. पुन्हा मोजले, तरी तीस. "धुळाप्पा, ही निव्वळ ज्वारी नाही," तो म्हणाला. "हिचा एक पालक बरू आहे. ओढ्याकाठी वाढतो ना, तो बरू. बरूचे मुळातच चाळीस असतात. ज्वारीने दहा धागे दिले, बरूने वीस. बघ तूच."

धुळाप्पाने आधी कपाळाला हात लावून बिरोबाचं नाव घेतलं, मग डोळा लावला. काही धागे जोडीने उभे होते. काही तिघं तिघं गुंतले होते. आणि कितीतरी धागे एकेकटे, कडेकडेने पडलेले. दुसऱ्या पेशीत ओढाओढ सुरू झालेली, पण काहींना कुठं जावं ते कळत नसल्यासारखे ते मध्येच राहिलेले.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "सांजच्याला मेंढरं आली की आमी कोकरं सोडतो. ज्येची त्येची आय ज्येला त्येला गावती. ज्येची आय मेलीया, त्ये कोकरू मातर सगळ्या कळपात वरडत फिरतं. हे तसंच दिसतंय की."

"तसंच आहे," विरुपाक्ष म्हणाला. "वाटणी नीट झाली नाही की पराग पोकळ निघतो. दाणा भरत नाही. ह्यात तुझ्या मेंढरांचा काही संबंध नाही."

धुळाप्पाच्या जिवात जीव आला. पण मंद्रूपला परतून त्याने हे सांगितलं, तर सोमलिंग खो खो हसला. "सायबाला मेंढरू दिलंस का कापायला? म्या माझ्या डोळ्यांनी बघीन, तवाच खरं मानीन." विरुपाक्षला निरोप गेला. तो म्हणाला, मी सूक्ष्मदर्शक घेऊन रानातच येतो, सगळ्यांनी बघा. आणि दाभण तेवढा आठवणीने आण.

आता ऐका, घोळ कसा झाला तो. साहेब आपला दाभण साऱ्या गावासमोर हातात धरणार, हे ऐकून मायाक्काला धड बसवेना. असला गंजका, कळकट दाभण! लोक काय म्हणतील? तिने चुलीतली राख घेतली, चिंच घेतली, आणि मला असं घासलं की मी घिसाड्याच्या हातात असतानाही तसा चमकलो नव्हतो. पुन्हा गंजू नये म्हणून वर करडईचं तेल चोळलं. मग पदराने पुसून म्हणाली, "आता कसा राजावानी दिसतोस!" मला ओरडून सांगावंसं वाटलं, मायाक्का, हे काय केलंस? पण दाभणाला तोंड कुठं असतं?

दुसऱ्या दिवशी सोमलिंगच्या खळ्यावर टेबल मांडलं. सूक्ष्मदर्शकाच्या आरशात ऊन धरलं. गाव जमलं होतं. विरुपाक्षने मला घेऊन पिशवी कुसकरली, डोळा लावला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने दुसरी काच केली, तिसरी केली. तेच फिकट गुलाबी धुकं, आणि वर तेलाचे गोल गोल थेंब. सोमलिंगने येऊन डोळा लावला.

"तेल दिसतंय की, सायेब. भजी तळाय घातलीत का?"

खळ्यावर हशा पिकला. धुळाप्पा मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या जागी कोणीही असता तर त्याला वाटलं असतं, जमीन दुभंगावी आणि आपण पोटात जावं.

विरुपाक्षने मला उन्हात धरलं. मी लखलखलो. "हा तोच दाभण आहे?" त्याने विचारलं.

बायकांच्या घोळक्यातून मायाक्का पुढे आली. तिला रडू फुटलं होतं. "त्योच हाय सायेब. म्या घासला. त्याल लावलं. तुमच्या हाती गंजका कसा द्यावा म्हनून... माझ्या हातानं माझ्या घराचं वाटुळं केलं व्हय?"

"नाही हो, मावशी," विरुपाक्ष एकदम मऊ आवाजात म्हणाला. "तुम्ही जपलंत, त्यात काय चुकलं? मीच काही सांगितलं नव्हतं. हे तेल तेवढं पार काढा. ते लोखंडाला रंगात उतरू देत नाही."

मायाक्काने डोळे पुसले. खळ्याच्या कडेला दगड होता, त्यावर तिने मला राख टाकून खसाखसा ओढलं, तेलाचा डाग निघेपर्यंत थांबली नाही. मग विरुपाक्षने मला त्या आंबट द्रवात बुडवून ठेवलं. ते झोंबलं, मित्रांनो. माझं अंग थोडं थोडं सुटत होतं. पण मला तेव्हा तेच हवं होतं.

पुढची काच काळीभोर उतरली.

विरुपाक्षने आधी चांगल्या ज्वारीची काच दाखवली. सोमलिंगने पाहिलं, दहा जोड्या मध्यावर शहाण्यासारख्या उभ्या. मग फुसक्या ताटाची. तो वाकून राहिला. त्याचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. कानडीत काहीतरी पुटपुटला.

"सोमलिंग, एक विचारू?" विरुपाक्ष म्हणाला. "बियाण्याची कणसं कुणी निवडली होती?"

"म्याच. बियानं म्या दुसऱ्याच्या हाती देत न्हाई."

"कुठली निवडलीत?"

सोमलिंगने ओढ्याकडे पाहिलं. बांधापलीकडे बरूचं रान वाऱ्यावर डोलत होतं. "वड्याच्या कडंची," तो सावकाश म्हणाला. "तितं वल असती. कणसं लई भरली व्हती. म्या म्हनलं, बियानं घ्यावं तर ह्येच..."

"आणि तेव्हा बरू फुलला होता."

"व्हय. फुलला व्हता."

बरूचा पराग वाऱ्याने त्या टपोऱ्या कणसांवर आला होता. दाणे दिसायला ज्वारीचेच, पण त्यातले काही बरूची लेकरं. सोमलिंगने ते पोत्यातून निवडून, पाखडून, मोठ्या मायेने स्वतःच्या हाताने पेरले होते, आणि मेंढरं ज्या रानात बसली होती त्याच रानात. आळ कुणावर जावा, हे त्यानेच ठरवलं होतं. धुळाप्पाला खूप बोलता आलं असतं, पण तो सूक्ष्मदर्शकाकडे बघत होता.

सोमलिंग तसाच घरी निघून गेला. लोकांना वाटलं, हटवादी माणूस, मानायचा नाही. मायाक्काचाही चेहरा पडला.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी, जिथे त्याने फुसकी कणसं टाकली होती तिथेच, सोमलिंग नारळ आणि भंडारा घेऊन आला. धुळाप्पाचा कळप बाजाराच्या कडेने चालला होता. सोमलिंगने सगळ्यांदेखत कळपापुढच्या मेंढ्याला थांबवलं, नारळ फोडला, आणि चिमटीत भंडारा घेऊन त्याच्या कपाळाला लावला. विभूतीच्या पट्ट्यांचा माणूस, बोटं हळदीने पिवळीधमक झालेली.

"धुळाप्पा, रान माझ्यानंच बाटलं," तो मोठ्याने म्हणाला. "मेंढरांवर म्या आळ घातला, त्ये खोटं. उन्हाळ्याला माझ्या रानात कळप बसव. आदी म्या बरू उपटतो, मग ये."

धुळाप्पाने मान हलवली, आणि मेंढ्याच्या मानेत तोंड घालून उभा राहिला. तो रडत होता, हे मी पागोट्यातून बघत होतो.

त्यानंतर मायाक्काने मला विरुपाक्षकडे देऊन टाकलं. त्याने बदल्यात सोलापूरहून नवाकोरा, झकास दाभण आणला होता. तो घेताना ती म्हणाली, "सायेब, ह्येला जपा. लेकरागत जपा. पन घासू नगा हं." आणि मला हातात धरून, टोक अंगठ्याला टेकवून पाहिलं, बाजारात पहिल्यांदा पाहिलं होतं तसं.

पुढे मी कितीतरी काचांवर काम केलं. प्रत्येक काचेवर मी थोडा थोडा उतरलो. ते काळेभोर धागे लोकांनी पाहिले, त्यांतला काळेपणा माझा होता. आता मी बारीक झालो आहे, एका खणात कापसावर पडलेला असतो. पूर्वीची माणसं राहिली नाहीत. मध्ये कोणी नवा माणूस आला, मला पाहून म्हणाला, "हे काय भंगार?" आणि खिडकीबाहेर टाकायला निघाला. का कोण जाणे, त्याने परत ठेवलं.

मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगतो. जुनी वस्तू हाती आली तर टाकू नका, आणि लगेच चकाकवायलाही जाऊ नका. ती काय करत आली आहे, ते आधी कोणाला तरी विचारा. माझ्या अंगावर आता फार थोडा गंज उरला आहे. तेवढा राहू द्या. मायाक्काने सांगितलं होतं.